जँगो २.२ वरून ५.२ पर्यंत: चालू वेबसाइटचा कारभार न बिघडवता अपग्रेड कसे करावे

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर होमस्टेची आरक्षणे घेणाऱ्या आणि हापूसच्या पेट्यांची मागणी नोंदवणाऱ्या ज्या लहान वेबसाइट दिसतात, त्यांतल्या पुष्कळशा कोणीतरी एकदा बांधून दिलेल्या असतात आणि त्यानंतर त्यांच्या पोटातल्या फ्रेमवर्ककडे कोणी पाहिलेले नसते. अशी एखादी वेबसाइट जँगो या पायथन भाषेतल्या फ्रेमवर्कच्या, म्हणजे वेबसाइट बांधण्याच्या तयार सांगाड्याच्या, २.२ आवृत्तीवर उभी असेल, तर तिला मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या एप्रिल २०२२ मध्येच थांबलेल्या आहेत. त्यानंतरच्या दीर्घकालीन पाठिंब्याच्या आवृत्त्यांपैकी ३.२ ची मुदत एप्रिल २०२४ मध्ये संपली, ४.२ ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची आणि ५.२ ची एप्रिल २०२८ पर्यंतची आहे. या लेखात २.२ वरून ५.२ पर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडला आहे. उदाहरणासाठी मालवणातील एका होमस्टेची आरक्षणे आणि देवगडच्या एका बागायतदाराची पेट्यांची विक्री सांभाळणारा मध्यम आकाराचा प्रकल्प डोळ्यांपुढे ठेवला आहे.

अपग्रेडमध्ये जो कोड आरडाओरडा करून मोडतो, त्याची फारशी काळजी करण्याचे कारण नाही, कारण तो पहिल्याच दिवशी सापडतो. खरे पाणी मुरते ते बदललेल्या डिफॉल्टमध्ये, म्हणजे आपण काही लिहिले नाही तर फ्रेमवर्क जे मूल्य धरते त्यात. फ्रेमवर्क स्वतःच्या दस्तऐवजात नोंदलेल्या फंक्शनांबद्दल वचन देते. पर्यटकाच्या ब्राउझरमधली जुनी कुकी, डेटाबेसमधल्या पाच वर्षांपूर्वीच्या नोंदी, पेमेंट गेटवेकडून परत येणारी विनंती आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंक या त्या वचनात येत नाहीत. त्यांची सुसंगतता आपल्यालाच राखावी लागते.

फ्रेमवर्क नेमके कोणते वचन देते

जँगोच्या धोरणानुसार, एखादी सोय ३.० किंवा ३.१ मध्ये कालबाह्य ठरवली गेली, तर ती ३.२ पर्यंत वॉर्निंग देत चालू राहते आणि ४.० मध्ये काढली जाते. मालिकेतल्या शेवटच्या, म्हणजे ३.२ मध्ये कालबाह्य ठरलेली सोय आणखी एक आवृत्ती टिकून ४.१ मध्ये जाते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, ३.२ वर एकही वॉर्निंग न देणारा प्रकल्प ४.२ वर सोयी काढून टाकल्यामुळे मोडत नाही. म्हणूनच २.२, ३.२, ४.२, ५.२ अशा दीर्घकालीन आवृत्त्यांवर थांबत जाणे शहाणपणाचे ठरते. एकाच उडीत ५.२ गाठणाऱ्याला मधल्या वॉर्निंगा कधी दिसतच नाहीत आणि एका वेळी शंभर गोष्टी मोडल्या की कोणती कशामुळे मोडली हे उलगडत नाही.

मात्र प्रत्येक आवृत्तीच्या माहितीपत्रकात सुसंगतता मोडणाऱ्या बदलांचा एक वेगळा विभाग असतो, आणि त्यातले बदल वॉर्निंग न देता लागू होतात. तो विभाग दोन थांब्यांमधल्या सर्व आवृत्त्यांसाठी वाचावा लागतो. ३.२ वरून ४.२ वर जाताना ४.० आणि ४.१ चीही पाने वाचली पाहिजेत, आणि हे काम कोणत्याही साधनावर सोपवता येत नाही.

पायरी पहिली: काळ निवडणे

फेब्रुवारी-मार्चपासून आंब्याची मागणी सुरू होते, मे महिन्यात होमस्टे भरलेले असतात, आणि गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा पुन्हा वर्दळ वाढते. जूनच्या मध्यापासून गणेशोत्सवाच्या दोनतीन आठवडे आधीपर्यंतचा काळ मोकळा असतो. आंबा संपलेला असतो, किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार पावसामुळे बंद असतात, आणि आरक्षण चुकून अडले तरी फोनवर निभावून नेता येते. या काळाची एकच अडचण म्हणजे लाईट आणि नेटवर्क. त्यामुळे सर्व्हरवरील कोणतेही लांबणारे काम, विशेषतः मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलण्याचे काम), आपल्या लॅपटॉपच्या जोडणीवर अवलंबून ठेवू नये. ते सर्व्हरवरच टीमक्स या साधनाच्या सत्रात चालवावे, म्हणजे मध्येच टॉवर गेला तरी काम अर्धवट तुटत नाही.

पायरी दुसरी: आजचे वर्तन नोंदवून ठेवणे

कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्ट पुरेशा असतील तर उत्तमच. परंतु अशा प्रकल्पांत त्या बहुधा नसतात, आणि अपग्रेडच्या आधी सगळ्या लिहून काढू असा संकल्प सोडला तर अपग्रेडच होत नाही. त्यापेक्षा सध्याच्या आवृत्तीवर वेबसाइटवरच्या महत्त्वाच्या पंधरावीस पत्त्यांना (यूआरएलना) विनंती पाठवून त्यांची उत्तरे जशीच्या तशी फाइलमध्ये साठवावीत. त्यांत स्टेटस कोड, हेडर (उत्तरासोबत येणारी तांत्रिक माहिती), कुकीचे गुणधर्म आणि मजकूर हे सर्व असावे. खोलीची उपलब्धता, दर, आरक्षणाचा फॉर्म, पेट्यांची किंमत आणि मोबाइल ॲपला जाणारी जेसन उत्तरे त्यात हवीतच. प्रत्येक थांब्यावर हीच विनंती पुन्हा पाठवून फरक पाहावा. हेडर साठवण्याचा कंटाळा करू नये, कारण पुढे वर्णन केलेल्या अडचणींपैकी निम्म्या हेडरमध्येच दिसतात.

याच वेळी सर्व पॅकेजांच्या आवृत्त्या नेमक्या आकड्यासह गोठवाव्यात आणि प्रत्येक पॅकेज कोणत्या जँगोपर्यंत चालते याचा तक्ता करावा. ज्या पॅकेजची देखभाल थांबली आहे, ते २.२ वर असतानाच बदलावे किंवा त्यातला लागणारा भाग आपल्या कोडमध्ये आणावा.

पायरी तिसरी: पायथन आणि डेटाबेस यांचा क्रम

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम येथे काटेकोरपणे पाळावा लागतो. जँगो २.२ आणि ३.२ ही दोन्ही पायथन ३.८ वर चालतात, ३.२, ४.२ आणि ५.२ ही तिन्ही पायथन ३.१० वर चालतात. त्यामुळे पायथनची मुख्य उडी ३.२ च्या थांब्यावर घेतली की पुढे ५.२ पर्यंत पायथनला हात लावावा लागत नाही. पायथन ३.१० मध्ये कलेक्शन्स मॉड्यूलमधली मॅपिंगसारखी काही जुनी नावे गेली आहेत, म्हणून जुनी पॅकेजे येथे मोडतात. ती मोडतोड जँगोच्या मोडतोडीत मिसळली नाही, तर दोन तासांत निस्तरते.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गाठ आहे. जँगो २.२ सोबत पायथनला पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या सायकोपीजी२ या पॅकेजची २.९ आवृत्ती बसवली, तर डेटाबेसची जोडणी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत नसल्याची चूक येऊन सगळेच थांबते. म्हणून आधी २.८ वर राहून जँगो ३.२ वर यावे, मग सायकोपीजी२ वाढवावे आणि त्यानंतरच पायथन बदलावे. जँगो ४.२ ला पोस्टग्रेस १२ किंवा पुढची आणि ५.२ ला १४ किंवा पुढची आवृत्ती लागते. मायएसक्यूएल असेल तर ४.२ पासून ८ ची गरज आहे. डेटाबेसचे अपग्रेड हे स्वतंत्र दिवशी, स्वतंत्र बॅकअपसह करावे. तो बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून उघडून पाहिल्याशिवाय तो आहे असे मानू नये.

पायरी चौथी: वॉर्निंग उघड्या पाडणे

कालबाह्यतेच्या बहुतेक वॉर्निंगा पायथन मूळातच लपवून ठेवते, त्यामुळे कोड स्वच्छ असल्याचा भास होतो. पायथन चालवताना 'डब्ल्यू' पर्यायापुढे 'ए' हे अक्षर दिले की सर्व वॉर्निंगा दिसू लागतात. प्रत्यक्ष सर्व्हरवरही आठवडाभर त्या लॉगमध्ये उतरू द्याव्यात, कारण वर्षातून दोनदा वापरला जाणारा हिशेबाचा अहवाल टेस्टमध्ये कोणी चालवत नाही.

या टप्प्यातले बदल बरेचसे यांत्रिक असतात. 'यूगेटटेक्स्ट' व 'फोर्स टेक्स्ट' ही नावे ४.० मध्ये गेली, विनंती एजॅक्सची (पान न बदलता मागून पाठवलेली) आहे का हे सांगणारी 'इज एजॅक्स' ही पद्धत गेली, आणि पत्ते लिहिण्याचे जुने 'यूआरएल' फंक्शनही गेले. ॲडम जॉन्सन यांचे 'जँगो-अपग्रेड' हे साधन यांतले बरेच बदल आपोआप करते. पत्त्यांच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी हवी. जुन्या 'यूआरएल'च्या जागी 'री-पाथ' घातले की रेग्युलर एक्स्प्रेशन (पत्ता ओळखण्याचा नमुना) तसेच राहते आणि काहीच बदलत नाही. या निमित्ताने सगळे पत्ते सुटसुटीत 'पाथ'मध्ये लिहावेत असा मोह होतो. तो आवरावा, कारण अशा सफाईत एखाद्या पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ किंवा आकड्यांची मर्यादा बदलते आणि गेल्या वर्षी पाठवलेली लिंक मरते. अपग्रेड आणि सुधारणा एकाच कमिटमध्ये (कोडमधल्या बदलांच्या एका नोंदीत) तर नकोतच, शक्यतो एकाच महिन्यातही नकोत.

पायरी पाचवी: न बोलता बदललेले डिफॉल्ट

मुख्य जोखीम या पायरीत आहे, म्हणून येथे वेळ काढावा.

पहिली बाब फॉर्मच्या सुरक्षेची. दुसऱ्या वेबसाइटने वापरकर्त्याच्या नावाने फॉर्म पाठवू नये यासाठी असलेली सीएसआरएफची तपासणी जँगो ४.० पासून विनंती कोठून आली हे सांगणारे 'ओरिजिन' हेडरही पाहते. आपल्याकडची नेहमीची मांडणी अशी असते की समोरचा एनजिन्क्स हा वेब सर्व्हर एचटीटीपीएस सांभाळतो आणि मागे जँगो चालवणाऱ्या गनिकॉर्नला साध्या एचटीटीपीने विनंती देतो. ब्राउझर सांगतो की मी एचटीटीपीएसच्या पानावरून आलो. जँगोला वाटते की आपण एचटीटीपीवर आहोत. दोन्ही जुळत नाहीत आणि आरक्षणाचा प्रत्येक फॉर्म ४०३ (मनाई) देऊन परत येतो. ही चुकीची मांडणी आधीही होतीच, पण जुनी रेफररची (आधीच्या पानाच्या पत्त्याची) तपासणी जँगोला विनंती सुरक्षित वाटली तरच होत असल्यामुळे ती झाकली जात होती. उपाय असा: एनजिन्क्सने 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हे हेडर स्वतः घालावे, बाहेरून कोणी ते पाठवले असेल तर पुसून टाकावे, आणि जँगोच्या 'सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर' या सेटिंगमध्ये त्याची नोंद करावी. पुसण्याची अट पाळली नाही, तर कोणीही साध्या जोडणीला सुरक्षित म्हणून खपवू शकते. विश्वसनीय ओरिजिनच्या यादीतही ४.० पासून प्रत्येक नावाच्या आधी एचटीटीपीएस लिहावे लागते. नुसते डोमेन चालत नाही. स्थानिक यंत्रावर एनजिन्क्स नसल्यामुळे हा सगळा प्रकार तेथे कधीच दिसत नाही, म्हणून चाचणीचा सर्व्हर मुख्य सर्व्हरसारखाच मांडलेला असणे आवश्यक आहे.

दुसरी बाब पैशांची. जँगो २.१ पासून सेशनच्या (लॉगिनची ओळख टिकवणाऱ्या) कुकीला 'सेमसाइट' हा गुणधर्म 'लॅक्स' या मूल्यासह मिळतो. पेमेंट गेटवे व्यवहार संपल्यावर पोस्ट विनंतीने आपल्या पत्त्यावर परत पाठवत असेल, तर त्या विनंतीसोबत लॅक्स कुकी येत नाही. पर्यटकाचे पैसे गेलेले असतात आणि आपली वेबसाइट त्याला अनोळखी समजून लॉगिनचे पान दाखवते. ज्यांचा प्रवास १.११ पासून सुरू होतो त्यांना हे हमखास भोवते. कुकीचा गुणधर्म सैल करणे हा सोपा मार्ग दिसतो, पण तो घेऊ नये. परतीच्या पत्त्यावर सेशनची अपेक्षाच ठेवू नये. गेटवेने पाठवलेली सही तपासावी, व्यवहार क्रमांकावरून मागणी शोधावी, तिची स्थिती नोंदवावी, आणि मग साध्या गेट विनंतीने पावतीच्या पानाकडे वळवावे. त्या दुसऱ्या विनंतीत कुकी पुन्हा येते. गेटवे वेगळ्या छोट्या खिडकीत उघडत असेल, तर ४.० पासून डिफॉल्टने जाणारे 'क्रॉस-ओरिजिन-ओपनर-पॉलिसी' हे हेडर त्या खिडकीचा मूळ पानाशी असलेला संबंध तोडते, हेही तपासावे.

तिसरी बाब वेळेची. वेळक्षेत्राचा वापर ठरवणारे 'यूज टीझेड' हे सेटिंग ५.० पासून डिफॉल्टने चालू आहे. नव्या प्रकल्पाच्या साच्यात ते फार आधीपासून लिहून येते, परंतु कोणी सेटिंगची फाइल छाटून लहान केली असेल, तर ते आजवर बंद राहिले असण्याची शक्यता आहे. मायएसक्यूएलमध्ये भारतीय वेळेने साठवलेली दुपारी बाराची नोंद मग यूटीसी समजली जाते, आणि पाहुण्याला चेक-इन संध्याकाळी साडेपाचला दिसते. जे मूल्य आज प्रत्यक्षात लागू आहे, ते सेटिंगमध्ये स्पष्ट लिहून ठेवावे. वेळक्षेत्र चालू करायचे असेल तर ते डेटा-रूपांतरासह वेगळे काम म्हणून करावे. वेळेचाच आणखी एक पदर आहे. ४.० मध्ये जँगोने पायट्झ या वेळक्षेत्राच्या पॅकेजऐवजी पायथनमधलेच झोनइन्फो स्वीकारले आणि ५.० मध्ये पायट्झचा पाठिंबा काढला. जुन्या कोडमध्ये पायट्झचे कोलकाता वेळक्षेत्र थेट तारखेला चिकटवले असेल, तर ते साडेपाचऐवजी पाच तास त्रेपन्न मिनिटांचा जुना स्थानिक फरक लावते. अशा नोंदी तेवीस मिनिटांनी सरकलेल्या असतात. झोनइन्फोवर नव्या नोंदी बरोबर येऊ लागतात आणि जुन्यांशी जुळेनाशा होतात. अहवालात तेवीस मिनिटांचा फरक दिसला की कारण दुसरीकडे शोधू नये.

चौथी बाब फायलींची, आणि माझ्या मते ती या सगळ्यांत फसवी आहे. अपलोड झालेल्या आणि वेबसाइटच्या स्वतःच्या स्टॅटिक फायली कोठे ठेवायच्या हे सांगणारी 'डिफॉल्ट फाइल स्टोरेज' आणि 'स्टॅटिकफाइल्स स्टोरेज' ही दोन सेटिंग ४.२ मध्ये कालबाह्य ठरली आणि ५.१ मध्ये गेली. त्यांची जागा 'स्टोरेजेस' या एका सेटिंगने घेतली. अनोळखी सेटिंग दिसले म्हणून जँगो तक्रार करत नाही, ते सरळ दुर्लक्षिले जाते. म्हणजे ५.२ वर पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती क्लाउड साठ्यात जाण्याऐवजी मुकाट्याने सर्व्हरच्या डिस्कवर साठत राहतात, आणि सर्व्हर बदलला की त्या नाहीशा झाल्याचे कळते. ४.२ च्या थांब्यावर नवे सेटिंग लिहून एक फाइल प्रत्यक्ष अपलोड करून पाहावी आणि ती साठ्यात उतरल्याची खात्री करावी.

लॉगआउटची बाब छोटी आहे: ५.० पासून साध्या लिंकने लॉगआउट होत नाही, त्यासाठी पोस्ट विनंतीचा फॉर्म लागतो.

पायरी सहावी: डेटा, मायग्रेशन आणि मराठी पत्ते

३.२ वर येताच प्राथमिक किल्लीच्या (प्रत्येक नोंदीच्या ओळखक्रमांकाच्या) प्रकाराबद्दल वॉर्निंग येते. तेथे 'डिफॉल्ट ऑटो फील्ड' या सेटिंगला जुनाच 'ऑटोफील्ड' प्रकार द्यावा. 'बिगऑटोफील्ड' दिले तर जवळजवळ प्रत्येक टेबलासाठी मायग्रेशन तयार होते, आणि अनेक-ते-अनेक नात्यांची आपोआप बनलेली मधली टेबले मायग्रेशनमधून बदलताही येत नाहीत. जँगो ६.० मध्ये डिफॉल्टच 'बिगऑटोफील्ड' झाले आहे, म्हणून हे सेटिंग लिहून ठेवण्याला पुढेही महत्त्व आहे.

प्रत्येक थांब्यावर मेकमायग्रेशन्स ही आज्ञा केवळ तपासणीच्या पर्यायासह चालवावी. तिने नवे मायग्रेशन सुचवले तर ते का सुचले हे कळेपर्यंत पुढे जाऊ नये. जुन्या मायग्रेशन फायलींत जँगोच्या टाइमझोन मॉड्यूलमधून यूटीसी आयात केलेले असते; ते ५.० मध्ये नाही, म्हणून त्या फायली उघडतानाच मोडतात. तेथे पायथनचे स्वतःचे यूटीसी लिहावे. डेटाबेसवर त्याचा परिणाम होत नाही.

आता आपल्या भाषेपुरती एक खाच. नावावरून पानाच्या पत्त्यातला तुकडा, म्हणजे स्लग, बनवणारे जँगोचे स्लगिफाय हे फंक्शन युनिकोड चालू ठेवूनही देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त गाळते. त्यातून मालवणचे मलवण, देवगडचे दवगड आणि रत्नागिरीचे थेट रतनगर होते. हे कितीही विचित्र वाटले तरी ते पत्ते आता गुगलमध्ये आणि लोकांच्या फोनमध्ये आहेत. स्लग डेटाबेसमध्ये साठवलेला असेल तर धोका नाही. परंतु पान दाखवताना नावावरून दरवेळी नव्याने बनवला जात असेल, तर फंक्शनमधल्या किंवा त्याच्या जागी आणलेल्या पॅकेजमधल्या बारीकशा फरकानेही पत्ते बदलतात. म्हणून अपग्रेडच्या आधीच आजचे स्लग एका रकान्यात साठवून घ्यावेत. शुद्ध पत्ते हवे असतील तर ते नंतर द्यावेत आणि जुन्यांवरून नव्यांकडे कायमचे वळण (रीडायरेक्ट) ठेवावे.

पायरी सातवी: बदली आणि माघार

माघार घेता यावी यासाठी अपग्रेडच्या दिवशी टेबलांच्या रचनेत काहीही बदलू नये. जुना कोड आणि नवा कोड एकाच डेटाबेसवर चालले पाहिजेत. रकाना काढायचा असेल तर तो नवी आवृत्ती स्थिरावल्यावर काढावा.

सेशनच्या बाबतीत क्रम नीट समजून घ्यावा लागतो. ३.१ मध्ये सहीसाठी शा-१ या पद्धतीऐवजी शा-२५६ ही पद्धत आली आणि सेशनचा साठवणीचा साचाही बदलला. ३.२ दोन्ही साचे वाचू शकते, २.२ ला नवा साचा वाचता येत नाही आणि ४.० पासून जुना वाचता येत नाही. त्यामुळे २.२ वरून ३.२ वर जाताना 'डिफॉल्ट हॅशिंग अल्गोरिदम' हे सेटिंग शा-१ वर ठेवावे, म्हणजे माघार घ्यावी लागली तरी लोकांचे लॉगिन टिकते. आठवडाभर सर्व सुरळीत चालले की ते सेटिंग काढावे. सेशनचे डिफॉल्ट आयुष्य दोन आठवडे असल्यामुळे, त्यानंतर किमान तेवढे दिवस ३.२ वरच थांबून मग ४.२ कडे जावे. घाई केली तर काही बिघडत नाही असे वाटते, परंतु पेट्यांची मागणी भरून कार्ट तसेच सोडून गेलेल्या ग्राहकाची कार्ट रिकामी होते.

प्रत्यक्ष बदलीसाठी सकाळची वेळ निवडावी. नवे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथन व पॅकेजांचा वेगळा संच) जुन्याच्या शेजारी स्वतंत्र उभारावे, आणि गनिकॉर्नने कोणते वापरायचे एवढेच बदलावे. माघार म्हणजे तोच बदल उलटा करणे. त्यानंतर नोंदवून ठेवलेली उत्तरे पुन्हा घेऊन पडताळावीत, एका खोलीचे आरक्षण खऱ्या पैशांनी करून रद्द करावे, एक फोटो अपलोड करावा, आणि ४०३ व ५०० उत्तरांची संख्या लॉगमध्ये दिवसभर पाहावी. मोबाइल ॲपच्या जुन्या आवृत्त्या अनेकांच्या फोनमध्ये तशाच असतात, म्हणून मुद्दाम जुना फोन घेऊन त्यावरूनही एक मागणी नोंदवावी.

५.२ वर स्थिरावल्यानंतर पायथन ३.१२ वर जावे. ३.१० चा पाठिंबा ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे आणि जँगो ६.० ला ३.१२ लागतेच. त्याच आठवड्यात वॉर्निंगांचा लॉग पुन्हा चालू करून ६.० साठीची यादी सुरू करावी.